न डुगडुगणाऱ्या चौरंगाची किंमत

वस्तूची किंमत ती बनवणाऱ्याखेरीज सर्वांना ठाऊक असते. याच तत्त्वावर एक्क्याण्णव साली देशाची बाजारपेठ खुली करण्यात आली. नारायणगुड्यात निवृत्तीच्या दारापर्यंत ती पोचायला सहा वर्षे लागली (वाटेत सिकंदराबाद लागते).

कलम १. निवृत्तीने तीस वर्षे रेल्वेच्या सुतारखान्यात काढली. आता तो घरी चौरंग बनवतो. प्रत्येक चौरंग काचेवर ठेवून पाहतो. चारही पाय टेकले, तरच तापल्या लोखंडाने खालच्या बाजूला आपले नाव उमटवतो. डुगडुगला, तर चुलीत.

कलम २. बाजाराने रद्द केले.

कलम ३, दर.
निवृत्तीने सांगितलेला: नव्वद.
कुकटपल्लीच्या इंदुताईंनी मागितलेला: साठ. ("नव्वद कायकू? प्लास्टिकचा स्टूल पन्नासला येतो, वर मग्गा फुकट!")
सिकंदराबादेत हस्तकलेचे दुकान थाटलेल्या त्रिवेणीने देऊ केलेला: शून्य.

"काका, हा मशीनचा वाटतो. हाताचं कसं, थोडं हललं पाहिजे. कस्टमरला फील येतो."

"हललेला आमच्याकडं चुलीत जातो, बाई."

"तिथंच चुकतंय तुमचं. तो साडेचारशेला जातो."

"अहो, ऐकलंत?" आतून मालनबाई म्हणाली. "इतकी वर्षं साडेचारशेच्या लाकडावर भात शिजवला आपण!"

कलम ३ (सुधारित). निवृत्तीने वीस चौरंग डुगडुगते केले. रेल्वेचा माणूस असल्यामुळे वीसही नेमके एक सूत डुगडुगले. कमी नाही, जास्त नाही. (अशी तंतोतंत चूक इतर कोणत्याही खात्यात आढळलेली नाही.)

फक्त नाव उमटवले नाही.

"काका, नाव मस्ट आहे. कारागिराच्या नावाशिवाय माल उचलत नाही कुणी."

"माझं नाव हलत्या वस्तूखाली जात नाही."

"मग माल परत न्या."

निवृत्तीने दोन दिवस विचार केला. मालनबाई स्वयंपाकघरात शिरली. घरातला आवाज तेवढा वाढला, भांड्यांचा. तिसऱ्या दिवशी त्याने लोखंड तापवले आणि विसांखाली सुबक अक्षरांत नाव उमटवले: त्रिवेणी.

त्रिवेणीला हे अतिशय आवडले. ती म्हणाली, हाच ब्रँड, आणखी एकशे ऐंशी करा.

सध्या शहरातल्या दोनशे दिवाणखान्यांत ती प्रसिद्ध आहे. पाहुण्याने कप ठेवला की चौरंग हलतो, चहा सांडतो, मग सगळे तो उलटा करून कौतुकाने नाव वाचतात.

निवृत्तीचे नाव असलेला एखादा चौरंग, वाचकहो, तुमच्याही घरी असेल. तो कधी हललाच नाही, त्यामुळे तुम्ही अजून खाली वाकून पाहिलेले नाही.