शिवाप्पांची आफ्रिका

शिवाप्पा माणसाच्या डोळ्यांकडं बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. त्यातही दातांकडं. नव्या माणसाशी ओळख करून दिली की दोन पावलं पुढं येतात, समोरचा हसेपर्यंत थांबतात आणि दात दिसले की मनाशी वय ठरवून मागं सरकतात. माझ्या जावयाला पहिल्यांदा भेटले तेव्हा नमस्कार झाला, चहा झाला, आणि तो गेल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, की पोरानं वय दोन वर्षांनी कमी तर सांगितलं नव्हतं ना. सांगितलं होतं.

येडशीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. मूळचे उमरग्याच्या पलीकडचे, कर्नाटकच्या शिवेवरचे. नोकरीनं येडशीला आले आणि माझ्या घराला भिंत लावून घर बांधून राहिले. मी हायस्कुलात हेडक्लार्क. पंचवीसएक वर्षांचा शेजार. माणसाशी मराठी बोलायचं आणि जनावराशी कानडी, असा त्यांचा नेम, आणि त्यात कानडीच जास्त वापरली जायची. माणसाला विचारायला त्यांच्याकडं एकच प्रश्न होता, "रवंथ चालू हाय ना?" गाय रवंथ करत असेल तर तिला फारसं काही झालेलं नाही, हा त्यांच्या शास्त्राचा पाया, आणि तोच त्यांनी गावातल्या माणसांनाही लावला होता. माझी आई गेली तेव्हा समाचाराला आले, अर्धा तास गप्प बसले आणि उठताना तेवढंच विचारून गेले. मला त्यानं बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांच्या पत्नी काशीबाई नऊ वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर शिवाप्पांनी घरात एकच बदल केला. स्वयंपाकघरात जेवायचे ते टीव्हीपुढं ताट घेऊन बसायला लागले. तिथूनच आफ्रिका त्यांच्या घरात शिरली.

एकदा दुपारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पडद्यावर म्हशीच्या तोंडाची आणि घोड्याच्या शेपटीची जनावरं माळभर पसरली होती. त्यांचा विण्याचा हंगाम चालला होता. शिवाप्पांचा घास हातातच होता.

"एका दिसात हजारानं वितात म्हणं," ते म्हणाले, "आन् अख्ख्या रानात डॉक्टर एक न्हाय. भागतंय कसं?"

हा प्रश्न त्यांनी पुढं दोन महिने सोडला नाही. अडलं तर कोण बघतं, विल्यावर वार पडली नाही तर काय करतात, मागचे पाय आधी आले तर काय. मी म्हटलं, निसर्ग बघतो. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू तेहतीस वर्षं निसर्गाचं काम त्यांनाच करावं लागलं होतं आणि निसर्ग कधी एकदाही वेळेवर आला नव्हता.

मग सोलापूरच्या एका सहल कंपनीचा कागद त्यांच्या हाती लागला. आधी पाच दिवस टांझानियाच्या जंगलात सिंह, हत्ती, जिराफ, आणि नंतर चार दिवस झांझिबार बेटावर समुद्रकिनारी आराम. जंगल त्यांना पटलं. समुद्र पटेना. समुद्राचे चार दिवस काढून जंगलात घाला, हे सांगायला ते दोनदा सोलापूरला गेले. तिथल्या मुलीनं समजावलं की लोक जंगल बघून थकतात, म्हणून शेवटी समुद्र असतो. जनावर बघून माणूस थकतं कसं, हे शिवाप्पांना कळेना. पण समुद्रापासून जंगल सुटं मिळत नव्हतं. शिवाय एका खोलीत दोघं हवे होते. अर्जावर जोडीदाराच्या नावाची ओळ मोकळी ठेवून ते आमच्याकडं आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, की वहिनी, भाऊसाहेबांना नऊ दिवस नेतो. बायकोचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, खुशाल न्या.

आमच्या गटात सहा जोडपी होती आणि आम्ही दोघं. सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या टोप्या. ऋतुजा नावाची पुण्याची मुलगी आम्हाला सांभाळायला होती. प्रत्येक ठिकाणी ती म्हणायची, आता जोडीजोडीनं या, फोटो काढू. सहा जोडपी व्हायची, मग आम्ही दोघं जायचो. शिवाप्पा हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत गटातल्या सगळ्यांची खरी वयं त्यांना कळली होती आणि त्यांच्यासमोर हसणं बायकांनी बंद केलं होतं.

जंगलात मात्र शिवाप्पा खुलले. उघड्या टपाच्या गाडीपुढं सिंह आला तेव्हा सगळे श्वास रोखून उभे. शिवाप्पांनी बारीक आवाजात निदान सांगितलं, की मागच्या डाव्या पायात दम नाही, हा तीन-चार दिवसांचा उपाशी आहे. ड्रायव्हरनं दुर्बीण लावली आणि मान हलवली. पाय खरंच सुजला होता. जिराफ पाहून त्यांना एकच काळजी पडली, की याला बांबूच्या नळीनं औषध पाजायचं तर शिडी कुठून आणायची. मुक्कामाच्या तंबूजवळ हत्तीची लीद पडली होती, ती त्यांनी काठीनं उकलून पाहिली आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं की हत्ती रवंथ करत नाही, अर्धा चारा तसाच बाहेर पडतो. त्या दिवशी आमच्या टेबलावरची दोन जोडपी उठून दुसरीकडं बसली.

पाचव्या दिवशी ती म्हशीच्या तोंडाची जनावरं भेटली. नजर जाईल तिथपर्यंत तीच. आमच्या गाडीपासून पन्नास पावलांवर एक मादी वेगळी उभी होती. शिवाप्पा ताडकन उठले. टपाच्या कडेला धरून ते कानडीत पुटपुटायला लागले, "निल्लु, निल्लु," म्हणजे थांब, थांब. मादी बसली, उठली, पुन्हा बसली. पुढचे पाय दिसले, मग तोंड. शिवाप्पांच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. माझ्या लक्षात आलं की ते हवेत ओढत होते. वासरू खाली पडलं. आई चाटायला लागली. आम्ही घड्याळ बघेपर्यंत ते चार पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि आईच्या मागं चालायला लागलं.

गाडीत टाळ्या वाजल्या. शिवाप्पा खाली बसले. मला म्हणाले, "भागतंय की. कुणाची गरजच न्हाय."

त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. मला वाटलं होतं ते खूश होतील. उरलेल्या रस्त्यात त्यांनी एकाही जनावराचं निदान केलं नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या विमानानं आम्ही बेटावर उतरलो. पांढरी वाळू, हिरवं-निळं पाणी, माडांच्या झावळ्यांच्या छत्र्या आणि प्रत्येक छत्रीखाली दोन आरामखुर्च्या. आमची जोडपी तर होतीच, पण तिथं देशोदेशीची नवी लग्न झालेली जोडपी उतरली होती. कुणाच्या दातांकडं बघावं असंही शिवाप्पांना वाटेनासं झालं होतं. दोन दिवस ते पायजमा-सदऱ्यात, डोक्यावर पिवळी टोपी घालून खुर्चीत बसून राहिले. पाण्यात उतरा म्हटलं तर म्हणाले, उतरून काय करू. जेवायला बोलावलं तर यायचे, ताटातलं अर्धं ठेवायचे. मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारून पाहिला, रवंथ चालू आहे ना. ते नुसते हसले. त्यांना एवढं एकटं मी येडशीत कधी पाहिलं नव्हतं. तिथं निदान दिवसातून चार लोक गाईम्हशी घेऊन दारात यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आलो तर खुर्ची रिकामी. माझ्या दाढीच्या डब्यातला चिमटा गायब, आणि त्यांच्या पिशवीतली हळदीची पुडी आणि खोबरेलाची बाटलीही. मी किनाऱ्यानं चालत निघालो. हॉटेलची हद्द संपली तिथं कोळ्यांची घरं होती आणि वाळूत गाई बसल्या होत्या. समुद्रकाठी, वाळूत, चक्क गाई. वशिंडाच्या, आपल्यासारख्या.

एक लाकडी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. तिच्या पलीकडून शिवाप्पांचा आवाज आला, म्हणून मी अलीकडंच थांबलो. कडेनं डोकावलो तर दिसलं ते असं. एक तांबडी गाय उभी. ओहोटीला खडकात गेलेली असावी. पुढच्या पायाच्या खुराच्या बेचक्यात समुद्री प्राण्याचे काळे काटे शिरले होते. ते काढून शिवाप्पांनी हळद-तेल भरलं होतं आणि फडकं बांधून ते आता फळीवर बसले होते. शेजारी गाईचा मालक, सत्तरीचा काळा, किडकिडीत म्हातारा. दोघांच्या हातात चहाचे पेले. म्हाताऱ्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं आणि शिवाप्पा त्याच्याशी मराठीत बोलत होते. गेल्या नऊ वर्षांत माझ्याशी बोलले नसतील एवढं.

"सकाळपासनं काशीच्या छातीत जळजळत हुतं. पित्त झालंय म्हणली. म्या घरीच थांबणार हुतो. तेवढ्यात तांड्यावरनं माणूस आला, गाय अडली म्हणून. म्या न्हाय म्हणलो त्याला. तर हीच म्हणली, त्या मुक्या जनावराला सांगता येत न्हाय, मला येतंय. जावा तुम्ही. लागलंच तर भाऊसाहेबांना हाक मारीन."

म्हातारा त्यांच्या तोंडाकडं बघत मान हलवत होता.

"गाय सुटली. वासरू बी जगलं. म्या घरी आलो तर ही दाराशी पडलेली." शिवाप्पांनी गाईच्या मानेवर हात ठेवला. "तिनं हाक मारली आसंल का न्हाय, एवढंच मला कळंना झालंय. भाऊसाहेबांना इचारावं वाटतंय. पण इचारू कसं?"

काशीबाई गेल्या त्या दिवशी दुपारी मी घरी होतो. वैशाख होता, शाळेला सुट्टी होती आणि बायको माहेरी गेली होती. जेवून मी भिंतीकडच्या खोलीत कूलर लावून झोपलो. तो जुना पत्र्याचा कूलर लावला की दारावरची कडी वाजलेलीही ऐकू येत नसे. मी उठलो ते शिवाप्पांनी मुठींनी दार बडवलं तेव्हा. नंतर किती वेळा मी स्वतःला सांगितलं असेल, की काशीबाईंनी हाक मारलीच नसेल, त्यांना वेळच मिळाला नसेल. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं एकच गोष्ट घेऊन झोपत होतो.

मला परत फिरता आलं असतं. वाळूत पावलं वाजत नाहीत. पण मी होडीला वळसा घालून पुढं गेलो.

"अप्पा," मी म्हटलं, "मी त्या दिवशी घरी होतो. कूलर लावून झोपलो होतो. वहिनींनी हाक मारली असती तरी मला ऐकू आली नसती."

शिवाप्पांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांकडं पाहिलं. चिडले नाहीत, दचकलेही नाहीत.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "म्या आलो तवा बी तुमचा कूलर चालूच हुता. म्हणून तर इचारलं न्हाय."

पाणी पुन्हा किनाऱ्याकडं चढायला लागलं होतं. शिवाप्पा फळीवर थोडे सरकले आणि मोकळ्या जागेवर त्यांनी तळहात टेकवला. मी बसलो. म्हाताऱ्यानं आम्हा दोघांकडं एकदा पाहिलं, मग उठून घरात गेला आणि चहाचा तिसरा पेला घेऊन आला.