अप्पांचा अर्धा तास

बसलिंगअप्पा रक्ताची बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे आणि तिलाच विचारायचे, "काय गं, कुणी हलवलं तुला?"

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघेच होतो. अप्पा मला थोडे सीनियर. आता ते नाहीत. त्यांच्या सर्व्हिस बुकात लिहिलेली एक चूक माझी आहे, म्हणून हे लिहितोय.

रक्त तपासण्यापेक्षा नाकारण्यात त्यांचा हातखंडा. औशाच्या एका पुढाऱ्याचं रक्त त्यांनी परत पाठवलं. पुढारी तणतणत आले. अप्पा शांतपणे म्हणाले, "तुमच्या माणसानं जीपमधी आदळत आणलं. हे रगत न्हाई, सरबत हाय. पुन्हा हात द्या."

रक्त घेतलं की हुकूम सुटायचा, "अर्धा तास!" ते गोठून वर पिवळं पाणी सुटेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही. पेशंटलाही ते उठू देत नसत. त्याच्या बैलाचं नाव, लेकीचं सासर, सगळं विचारून घ्यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरी विचारायला कुणी नव्हतं.

त्या वर्षी दुष्काळ होता. पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन आम्ही रक्तासाठी वापरायचो. धुवायलाच पाणी नसे. अप्पा घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहायचे. बायका हसायच्या, "अप्पा, सैपाक खोळंबला का?"

"बाटल्या उपाशी हायत, बाई."

धुतलेली बाटली उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय ते वापरू देत नसत. आत थेंबभर पाणी राहिलं तरी रक्तातल्या पेशी फुटतात, वरचं पाणी लाल होतं आणि तपासणीचे आकडे खोटे येतात.

असेच ते रांगेत असताना रेणापूरच्या एका बाईचं रक्त घ्यायचं होतं. डॉक्टरांची घाई. मी उन्हात वाळत ठेवलेली, नुकतीच धुतलेली ओली बाटली उचलली. वरचं पाणी लालसर आलं, तरी तपासलं. पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसलं. बाईला घाबऱ्याघाबऱ्या सोलापूरला हलवलं, तिथे काहीच निघालं नाही. चौकशी लागली. मी एवढंच म्हणालो, "बाटल्या अप्पा धुतात." ते खरंच होतं. अप्पांनी त्याखाली सही केली. त्यांची बदली झाली, पार इस्लापूरला.

कितीतरी वर्षांनी, अप्पांची निवृत्ती जवळ आल्यावर, मी तिथल्या दवाखान्यात गेलो. "या भाऊ," म्हणत त्यांनी आधी माझी बाही वर सारली.

"अप्पा, मला काही झालं नाही."

"समदे असंच म्हणतेत."

रक्त घेऊन त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "आता अर्धा तास."

मी सगळं सांगून टाकलं. अप्पा बाटलीकडेच बघत होते.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "घागर घेऊन आलो तवा उन्हातल्या बाटल्यांत एक कमी होती. तुमची लेकरं साळंत होती, भाऊ. मला काय, कुठंबी एकटाच."

पुढे ते माझ्या लेकरांची नावं विचारत राहिले. मग नातवंडांची. अर्धा तास कधीच होऊन गेला. बाटलीत पिवळं पाणी स्वच्छ वर आलं होतं. मला दिसलं, त्यांनाही दिसलं.

मी उठायला लागलो. अप्पांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "अजून न्हाई झालं."