काहून पळतो रे, फेक ना

शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेत, आमच्या प्लेनो गावातल्या हायस्कूलच्या स्टेडियमवर सगळं गाव एका सुरात ओरडत असतं. त्यात एकच बाई अस्सल वऱ्हाडीत ओरडत असते: "काहून पळून राह्यला बाप्पा? फेक ना!"

या आमच्या शेजारच्या प्रमिलाकाकू इंगोले. सुती साडी, वर मुलाचं जुनं ऑफिसचं जॅकेट, पायात पांढरे बूट. अमरावतीला मुलींच्या शाळेत त्या पीटीच्या बाई होत्या. काका गेल्यावर मुलाकडे, संदीपकडे, कायमच्या आल्या. संदीप आणि सून सकाळी गाडी काढतात ते संध्याकाळीच उगवतात. एका दुपारी मराठी मालिका शोधता शोधता काकूंच्या टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागला आणि काकू तिथेच थांबल्या. तेव्हापासून त्यांना जगात एकच प्रश्न पडतो: क्वार्टरबॅकने पळावं की फेकावं?

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावाला बॉल ज्याच्या हातात येतो तो. त्याचे दांडगे सोबती त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहतात. त्या भिंतीआडच्या सुरक्षित जागेला पॉकेट म्हणतात. काकू खिसा म्हणतात. खिशात उभं राहून त्याने मोकळा गडी हेरायचा आणि बॉल फेकायचा, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. पण डाव जिथून सुरू झाला ती रेघ ओलांडली की पुढे फेकता येत नाही, आणि सगळे अंगावर येतात. तेव्हा पाय पुढे करून घसरत खाली बसलं तर त्याला कोणी धक्का मारायचा नाही, असा नियम. हे सगळं मला काकूंनीच शिकवलं, पोळपाटावर वाटाणे मांडून.

काकूंचं मत ठाम. फेकावं. "पाय आहेत म्हणून पळायचं नसतं, रश्मी. थांबायचं, बघायचं, मग फेकायचं."

हे मत त्या मैदानावर ठेवून घरी आल्या असत्या तर प्रश्न नव्हता. हायवेवर मी लेन बदलली की शेजारून आवाज येतो, "काहून पळून राह्यली? आधी बघ." आमच्या ऑफिसात ले-ऑफच्या अफवा उठल्या तेव्हा मी घाबरून मिळेल ती नोकरी धरायला निघाले होते. काकू म्हणाल्या, "अजून खिसा मोडला नाही तुझा. उभी राहा." मी राहिले. नोकरीही राहिली. याचं श्रेय काकू अजून घेतात. जवळच्या अर्विंग गावातल्या भारतीय दुकानात भाजी घेतानाही तेच: कोथिंबीर सुकलेली असेल तर पुदिना बघ, पुदिनाही नसेल तर चटणीचा बेत सोडून दे. "कोणी मोकळा नसला तर बॉल मैदानाबाहेर फेकून द्यावा, त्यात कमीपणा नाही."

हायस्कूलच्या संघाचा क्वार्टरबॅक कोल आमच्या समोरच्याच घरात राहतो. हरणासारखा पळतो, हेच काकूंचं दुखणं. "याला पाय दिले इथेच चुकलं," असं त्या म्हणायच्या. तो रेघेपलीकडे गेला की काकू उभ्या राहून ओरडायच्या, "बस! बस खाली!" एकदा पुढच्या बाकावरच्या अमेरिकन आजोबांनी मला काळजीने विचारलं, "यांची बस चुकतेय का?"

मग ऑक्टोबरातल्या एका सामन्यात कोल पळाला आणि हातभर आणखी पुढे जायचं म्हणून बसला नाही. दोन्हीकडून दोघं आदळले. गुडघा गेला. त्याला स्ट्रेचरवरून मैदानाबाहेर नेलं. परतताना मी दोनदा लेन बदलली, काकू काही बोलल्या नाहीत.

ऑपरेशननंतरच्या शनिवारी दुपारी त्या डबा घेऊन माझ्या दारात आल्या. "चल. माझं इंग्रजी त्याच्या आईला कळत नाही."

कोलच्या आईने दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं, तो कोणाशीच बोलत नाहीये. कोल सोफ्यावर पाय उशीवर ठेवून पडला होता. टीव्हीवर कॉलेजचा सामना चालू होता. काकू आता 'काहून पळाला' विचारणार, अशी मला भीती होती.

काकू खुर्चीवर बसल्या. थोडा वेळ सामना पाहिला. मग म्हणाल्या, "वन डाउट. व्हाय ही इज नॉट थ्रोइंग?"

"रेघेच्या पुढे गेलाय तो, मॅम," कोल त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "आता फेकता येत नाही."

"विच लाइन?"

मी काकूंकडे बघतच राहिले. कोल थोडा उठून बसला. समोरच्या बशीतली बिस्किटं त्याने ट्रेवर मांडली, मध्ये चमचा आडवा ठेवला आणि ही भिंत, हा क्वार्टरबॅक, ही रेघ असं समजावू लागला. काकू पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान डोलवत होत्या. मध्येच त्यांनी इतकं चुकीचं उत्तर दिलं की तो हसला. त्याची आई हातात फडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली, आत आली नाही.

बऱ्याच वेळाने कोल म्हणाला, "मी खाली बसायला हवं होतं."

"मेबी," काकू म्हणाल्या. "बट नोबडी वॉज फ्री. आय सॉ."

आम्ही निघालो तेव्हा कोलने विचारलं, पुढच्या शनिवारी येणार का.

रस्ता ओलांडताना मी म्हटलं, "काकू, तुम्हाला रेघ माहीत नाही?"

"माहीत आहे गं. पण आठवडाभर जो येतो तो त्याला एकच विचारतो, दुखतंय का. किती वेळा सांगायचं माणसानं?" चार पावलं पुढे जाऊन त्या म्हणाल्या, "मलाही इथे भेटेल तो एकच विचारतो. काकू, करमतं का?"

तक्रारीचा सूर नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आम्ही माझ्या दाराशी आलो. मी म्हटलं, "काकू, कोलच्या जागी आलेला तो नवा मुलगा कसा वाटतो तुम्हाला?"

काकू थांबल्या. "डावखुरा आहे तो. त्याचं सगळंच वेगळं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला घाई तर नाही ना?"

"नाही."

त्या पायरीवर बसल्या आणि माझ्यासाठी शेजारची जागा पदराने झटकली.