पाच महिन्यांचे धाकटे आजोबा

घरात तिला सगळे भिंगी म्हणत. लहानपणी मुंगी किती पायांनी चालते हे भिंगातून बघण्याच्या नादात तिने खिडकीच्या पडद्याला भोक पाडलं होतं. पडदा गेला, नाव राहिलं. आता भिंगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसली होती आणि चार ठिकाणच्या नोकरीच्या पत्रांची वाट बघत होती. हाताला काम नसलेला शास्त्रज्ञ घरात असणं किती धोक्याचं, हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मला दोन आठवडे द्या," तिने एकदा जेवताना जाहीर केलं. "आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आपली वंशावळ भिंतीवर लावते. ऐकीव गोष्ट एकही नाही. प्रत्येक तारखेमागे कागद!"

"कागद असला की तारीख खरी होते का गं?" धाकट्या आजोबांनी विचारलं.

"निदान बोलायला आधार तरी होतो."

धाकटे आजोबा पाणी प्यायले.

थोरले आजोबा म्हणजे भिंगीचे सख्खे आजोबा. धाकटे त्यांचे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि मागच्या खोलीत ते उभा जन्म राहिले होते. दोघांचा सकाळचा पेपर हा बघण्यासारखा कार्यक्रम होता. थोरल्यांना दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं, पण तसं म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. ते पेपर टेबलावर आपल्या बाजूने सुलटा पसरत आणि त्यावर चष्मा रोखून बसत. धाकटे समोरच्या खुर्चीत बसून तोच पेपर उलट्या बाजूने घडाघडा वाचून दाखवत.

"पूल खचला म्हणे," धाकटे म्हणत.

"वाचलं मी," थोरले म्हणत आणि पान उलटत.

हे रोजचंच होतं. रोजच्या गोष्टीकडे कोण बघतं? भिंगीने तर नाहीच बघितलं. ती पुरावा शोधायला बाहेर गेली होती.

जन्मनोंदणीच्या कार्यालयात थोरल्यांची नोंद पहिल्या दिवशीच सापडली. वर्ष, तारीख, वडिलांचा धंदा पुस्तकबांधणी, सगळं जिथल्या तिथे. धाकट्यांची काही सापडेना, म्हणून ती त्यांच्या जुन्या शाळेत गेली. तिथे प्रवेशाच्या रजिस्टरात त्यांची जन्मतारीख स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. भिंगीने ती उतरवून घेतली, घरी येऊन दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि तिचा चहा निवला.

दोन भावांमध्ये अंतर होतं पाच महिने.

निसर्गाने या कामाला नऊ महिने ठरवून दिले आहेत आणि त्यात कुणाच्या वशिल्याने सूट मिळाल्याचं ऐकिवात नाही. भिंगी दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंदणी कार्यालयात हजर झाली. त्या वर्षाचं अख्खं रजिस्टर तिने पानन् पान चाळलं. धाकट्यांची नोंद नव्हतीच.

"पुढच्या वर्षात बघायचं होतं," कारकून म्हणाला, "पण ते तुमच्याआधी वाळवीने वाचून काढलंय."

"पुढच्या वर्षाची मला गरज नाही," भिंगी म्हणाली. "जन्म याच वर्षातला आहे. शाळेचा कागद आहे माझ्याकडे."

घरी परतताना तिच्या डोक्यात निष्कर्ष तयार होता. धाकटे आजोबा या घरात जन्मलेच नव्हते.

अशा वेळी शहाणा माणूस तोंडाला कुलूप लावतो. भिंगीने आत्याला फोन लावला.

"आत्या, एकच विचारते. आपल्याकडे कधी कुणाला दत्तक घेतलं होतं का?"

"कुणाला?"

"तसं नाही, सहज."

"धाकट्या काकांना?"

"मी नाव घेतलं का?"

"मग बाई, माझ्या बाबांना का घेतलं असेल? ते तर हुबेहूब माझ्या आजोबांसारखे. बरं, मी कुणाला सांगत नाही."

आत्याने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. तिने फक्त सगळ्यांना विचारलं. शनिवारी दुपारपर्यंत धाकटे आजोबा स्टेशनच्या बाकावर सापडले होते. संध्याकाळी ते एका श्रीमंत घरातून पळवले गेले. आणि दिवे लागायच्या सुमाराला चुलत काकांचा फोन आला, की त्या काळी गावात एक सर्कस उतरली होती, जाताना तिथलं एक मूल मागे राहिलं होतं म्हणतात.

"यात पुरावा कुठे आहे?" भिंगी वैतागली.

"पुरावा काय? माझ्या लहानपणी काका हातांवर चालायचे. मी स्वतः पाहिलंय."

आता शास्त्रालाच मध्ये पडणं भाग होतं. रविवारी जेवणं झाल्यावर भिंगीने दोघा आजोबांना उजेडात शेजारी शेजारी बसवलं. कानाच्या पाळ्या बघितल्या, अंगठे मोजले.

"आता जीभ बाहेर काढा. नळीसारखी गोल करा."

थोरल्यांनी जिभेची सुबक नळी केली. धाकट्यांची जीभ फळीसारखी सपाट राहिली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू दार ढकलून आत आला आणि दोन म्हातारे आपल्याला जीभ दाखवत आहेत हे पाहून, "नंतर येतो," म्हणत निघून गेला.

"हे कशासाठी चाललंय?" थोरल्यांनी विचारलं.

"वंशावळीसाठी," भिंगी म्हणाली आणि वहीत फुली मारली. या जिभेच्या परीक्षेवर भरवसा ठेवू नका, असं तिच्या सरांनी वर्गात बजावलं होतं. पण हव्या त्या निष्कर्षाच्या आड येणारे सर कुणाला आठवतात?

मंगळवारी आत्या स्वतः आली. डोळे पुसतच आली आणि तिने थेट मागच्या खोलीत जाऊन धाकट्यांचे हात धरले.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कुणी काही म्हणो, आम्ही तुम्हाला आपलंच मानतो."

धाकट्यांनी आत्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या भिंगीकडे, मग तिच्या हातातल्या वहीकडे.

"मानता का?" ते म्हणाले. "बरं."

बुधवारी सकाळी समोरची खुर्ची रिकामी होती. थोरल्यांनी पेपर पसरला, चष्मा रोखला. पंधरा मिनिटं गेली. पान उलटलं नाही.

"काय म्हणतोय पेपर?" भिंगीच्या वडिलांनी विचारलं.

"नेहमीचंच," थोरले म्हणाले. त्यांचं बोट एका मथळ्यावरून पुढे सरकत होतं, मागे येत होतं.

 भिंगी जाऊन समोरच्या खुर्चीत बसली आणि पेपर उलटा वाचायला लागली. "पा... पाणी... पाणीक..." तीन शब्दांत तिचं कपाळ घामाने भिजलं.

"उठ," थोरले म्हणाले. "ते त्याचंच काम आहे."

"पण त्यांना जमतं कसं?"

"त्याला सुलटं कुणी शिकवलंच नाही आधी. घरात पुस्तकांचा संच एकच. मी या बाजूला, तो त्या बाजूला, दिवा मध्ये. दोघं एकाच वर्गात होतो ना."

"एकाच वर्गात? कसे?"

थोरल्यांनी चष्मा काढला. "हा माझ्यापेक्षा सतरा महिन्यांनी लहान. मी शाळेत गेलो आणि याने फाटकाशी बसून गळा काढला. दोन दिवस काढला. तिसऱ्या दिवशी बाबा त्याला उचलून हेडमास्तरांकडे घेऊन गेले. म्हणाले, याला आज सहा वर्षं पूर्ण झाली. होता पाचाचा! हेडमास्तर म्हणाले, कागद? बाबा म्हणाले, तुमच्या कपाटातली सगळी पुस्तकं मी बांधलीत, एकाचं तरी पान सुटलंय का? झाला प्रवेश."

सतरा महिने. म्हणजे पुढचं वर्ष. म्हणजे वाळवी. भिंगीला कारकुनाचा चेहरा आठवला आणि जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

ती मागच्या खोलीकडे धावली. धाकटे बॅग भरत होते.

"कुठे निघालात?"

"सर्कशीत. उलटं वाचणारा म्हातारा त्यांच्याकडे नसेल."

"आजोबा, माझं चुकलं. पण तुम्हाला तारीख खोटी आहे हे माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू भिंतीवर लावणार होतीस. चारचौघांत आपल्या बापाला खोटारडा म्हणू?" त्यांनी सदऱ्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "तारीख खोटी आहे हे माहीत होतं. मला इथे नुसतं मानतात, हे नव्हतं माहीत."

 थोरले भिंगीच्या मागून भिंत चाचपत आले होते.

"पेपर तसाच पडलाय," ते म्हणाले.

"वाच की."

थोरल्यांनी दाराची चौकट धरली. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "मला दिसत नाही रे."

धाकट्यांनी बॅग उघडी टाकली. सगळ्यात तळाशी एक जाडजूड बांधणीचं पहिलीचं पुस्तक होतं. ते त्यांनी भिंगीच्या हातात दिलं आणि भावाचा दंड धरून बाहेर गेले. पहिल्या पानावर खालच्या बाजूला एक नाव सुलटं लिहिलं होतं. वरच्या बाजूला, तितक्याच कोवळ्या अक्षरात, दुसरं नाव उलटं.

संध्याकाळी भिंगीने वंशावळ पुरी करायला घेतली.

"तुमची कोणती तारीख लिहू, आजोबा?"

"शाळेतलीच. तिच्यावर माझं पेन्शन चालू आहे."

"ठीक. निदान थोरल्या आजोबांची तरी शंभर टक्के खरी आहे. थेट जन्मनोंदणीतली." तिने समाधानाने रेघ ओढली. "रविवारी बरोबर ऐंशी."

धाकट्यांनी भावाकडे बघितलं. थोरले खाकरले.

"बाबा नोंद करायला आठवडाभर उशिरा गेले होते. उशिराबद्दल बोलणी बसतील म्हणून त्यांनी त्याच दिवसाची तारीख सांगितली."

"म्हणजे खरा वाढदिवस?"

"गेल्या रविवारी होऊन गेला," धाकटे म्हणाले. "तू तेव्हा आमच्या जिभा तपासत होतीस."