नदीपल्याडची फळी

तामसीहून आदिलाबादला येणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये सोनकांबळे सर डोंगराचं अर्धं तिकीट मागायचे. डोंगर मातीचा, पोरांनी केलेला, आणि तो सरांच्या शेजारी सीटवर बसलेला असायचा. सामानाला अर्धं तिकीट नसतं, हे कंडक्टर हिंदीत सांगून थकला. सरांचं म्हणणं, हे सामान नाही, विद्यार्थ्यांचं काम आहे. शेवटी कंडक्टरनं तिकीट न फाडताच डोंगराला खिडकीची जागा देऊन टाकली. ती आधी माझी होती.

आम्ही दोघं तामसीच्या एकाच शाळेत. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. शिकवायचे म्हणजे वर्गात चिखल कालवायचे. विकतचा नकाशा त्यांनी भिंतीवर कधी टांगू दिला नाही. पोरानं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "हात लावून पाह्य, मंग बोल." त्यांच्या तासानंतर माझा तास असे, त्यामुळे मला निबंध बोटांच्या ठशांसकट मिळत. एकदा पोरांनी गोदावरी हेडमास्तरांच्या खुर्चीवर वाळत ठेवली. हेडमास्तर न बघता बसले आणि दिवसभर ती नदी पँटवर घेऊन फिरले.

त्या वर्षी सातवीच्या पोरांनी जिल्ह्याचा नकाशा केला. फळीवर काळी माती, जंगलाला सागाचा भुसा, कपाशीच्या शेतांना सरकी, नागपूर-हैदराबाद सडकेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. वरच्या काठाला सुतळीची पैनगंगा, पल्याड महाराष्ट्र; तिथं जिल्हा संपला आणि फळीही संपली. जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, असं सगळी शाळा धरून चालली होती. पण सरांनी नकाशा शनिवारी घरी नेला, आणि सोमवारी पोरांनी नदीपल्याड आणखी एक फळी ठोकली. तिच्यावर एकच गाव, तेही चिंचोक्याचं.

आदिलाबादच्या प्रदर्शनात परीक्षक खूश झाले. मग त्यांची नजर नदीपलीकडे गेली. नकाशा जिल्ह्याचा, मग त्यात महाराष्ट्राचा तुकडा कशाला? तेवढी फळी काढा, पहिला नंबर देतो, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. दोन खिळे उपटायचं काम होतं. सर म्हणाले, काम पोरांचं आहे, त्यांना विचारा.

वर्गाची पुढारी सुनंदा नकाशापुढे जाऊन उभी राहिली. "नाई काढत सर. मंग आजी जाईन कुठं?"

कोण आजी, हे परीक्षकांना कळलं नाही, मलाही नाही. बक्षीस एका चकचकीत रंगवलेल्या ज्वालामुखीला गेलं. मला भयंकर राग आला होता. पण आता दोन फळ्यांचा झालेला नकाशा सरांच्या घरापर्यंत एकट्यानं नेण्यासारखा नव्हता, म्हणून पुढचं टोक त्यांनी धरलं, मागचं मी, आणि वाटभर मी त्यांना बोल लावत गेलो.

घरात बाजेवर त्यांची आई बसली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली, आता डोळे पार गेलेले. सरांनी नकाशा तिच्या पुढ्यात ठेवला. म्हातारीची बोटं भुशातून फिरली. सरकी लागली तशी ती हसली. मग सुतळी सापडली. सुतळीवर बोट जरा थांबलं, आणि हळूच पलीकडं उतरलं.

"हे माहं माहेर," ती मला म्हणाली. "मांगच्या खेपेला फळी इथंच सरली होती. पोराईनं वाढवली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हात लावून पाहा सर. मंग बोला."

मी त्या चिंचोक्याला हात लावला.