चिपळूणचा समुद्र

आमच्या भावजींना नीट बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते. आता त्यांना कवळी आहे. मधल्या सगळ्या काळात त्यांनी चहा उभ्यानं प्यायला, पेपर उभ्यानं वाचला, आणि जेवायला टेकलेच तर एक गुडघा वर, कोणी शिट्टी वाजवली की पळायला मोकळे. "बसा ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसतो कशाला, आलोच." आणि जातात. येतात कधी, ते विचारायचं नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, अनंतराव. विजेच्या खात्यातून रिटायर झाले. लग्न केलं नाही. म्हणजे खरं तर झालं नाही. एकदा मुलगी पाहायला आम्ही सगळे इंदौरला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, तर नवरदेवाची खुर्ची रिकामी. हे स्टुलावर चढून त्यांच्या मीटरचा फ्यूज बघत होते. "तार ढिली आहे, आग लागेल," एवढंच त्या मुलीशी बोलले. तार खरंच ढिली होती. तिच्या वडिलांनी हात जोडून आभार मानले आणि मुलगी दुसरीकडे दिली.

अशा पायाला भिंगरी लागलेल्या माणसानं रिटायर झाल्यावर घरात समुद्र पाळला. शिप्रेच्या गावात, उज्जैनला! इथे लोक पुण्य मिळवायला रामघाटावर डुबकी मारतात, आणि आमचे भावजी वरच्या खोलीत बादलीत मीठ कालवत बसतात. बसतात म्हणजे, उभे राहतात.

या वेडाचं मूळ मी आहे. माझं माहेर चिपळूणचं. चिपळूण म्हणजे कोकण आणि कोकण म्हणजे समुद्र, असा इकडच्या लोकांचा सरळ हिशोब. आता चिपळूणला नदी आहे, डोंगर आहेत, पाऊस तर विचारूच नका. समुद्र मात्र तिथून चांगला लांब आहे. पण हे सांगायची मला काय गरज? सासरी आलेली ती एकोणीस वर्षांची शहाणी, दोन वेण्या आणि अक्कल शून्य, तिनं समुद्र सरळ अंगणातच आणून ठेवला. "आमच्याकडे ओहोटी लागली की आम्ही त्या वाळूवर पापड घालतो वाळत." "लाटांच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही हो, सासूबाई, म्हणून सकाळी उठायला उशीर होतो." सासूबाई बिचाऱ्या देवासपलीकडे न गेलेल्या. त्यांनी मला वर्षभर उशिरा उठू दिलं!

प्रत्यक्षात समुद्र मी एकदाच पाहिला होता. गुहागरला कोणाच्या तरी मुंजीला गेलो होतो. पायावर लाट आली, मी किंचाळले, एक चप्पल वाहून गेली आणि उरलेला दिवस वडिलांच्या धोतराचा सोगा धरून काढला. ती पोरगी आज भेटली तर मी तिचा कान पिळीन. नंतर तिला जवळ बसवून आणखी एकदोन थापा ऐकीन. बोलायची मात्र फर्मास.

भावजी तेव्हा शाळेचं दप्तर खांद्याला तसंच ठेवून ऐकायचे. उभ्यानंच. तेव्हापासून समुद्राच्या बाबतीत या घरात माझा शब्द शेवटचा. वर काचेची टाकी आली तेव्हा खारटपणा मोजायचं यंत्रही त्यांनी आणलं, पण पाणी कालवलं की यंत्रात बघून झाल्यावर वाटीत थोडं घेऊन खाली येणार. "वहिनी, तुम्ही समुद्राकाठच्या. मीठ बघा." मी आमटी चाखावी तसं बोट बुडवून चाखायची आणि डोळे मिटून सांगायची, "किंचित वाढवा." काय वाढवायचं होतं, देव जाणे.

त्या टाकीत एक मासा. केशरी, अंगावर पांढरे पट्टे. मी तिचं नाव जलेबी ठेवलं. इतकी वर्षं झाली, म्हातारी झाली असेल, पण भावजी खोलीत आले की काचेपाशी येऊन शेपूट हलवते. आमच्या घरात कोणाची वाट बघणारं आता तेवढंच माणूस. माझे यजमान गेले, मुलगा बेंगळुरूला, नात मोबाईलमध्ये भेटते.

टाकी लहान, आणि उज्जैनचा उन्हाळा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ वरून गोडं पाणी घालावं लागतं. नाही घातलं तर खारटपणा वाढतो आणि जलेबी परेशान. त्यामुळे टाकी आल्यापासून भावजी एक रात्रही गावाबाहेर राहिले नाहीत. माझ्या मुलाच्या लग्नात सीमांतपूजन झालं आणि हे मधेच गायब. इंदौरहून उज्जैनला येऊन, लोटाभर पाणी घालून, मुहूर्ताला परत हजर! अक्षता उभ्यानं टाकायच्या असतात, ते त्यांना सोयीचंच पडलं.

तर या माणसानं यंदा जाहीर केलं, "वहिनी, मोठी टाकी घेतोय."

"अहो, या वयात लोक पसारा कमी करतात."

"लहान पाणी लगेच बिघडतं. मोठ्या पाण्याला दम असतो." आणि खाली मान घालून, "तुमच्या बैठकीत ठेवू. वरचा मजला एवढा भार घेणार नाही."

माझ्या बैठकीत! माझ्या वेताच्या खुर्चीसमोर! मी पुष्कळ कुरकुर केली. मग देवास गेटकडच्या सुताराकडून स्टँड आला तो इतका बुटका, की मी म्हटलं, "भावजी, टाकी ठेवायची आहे की पाट मांडायचाय?" ते "वजन खाली असलेलं बरं" म्हणाले आणि "आलोच" म्हणून गेले.

नवी टाकी मांडली, तिच्यात नवी वाळू पसरली, खारं पाणी कालवून ठेवलं. आता वरच्या टाकीतून जलेबी खाली आणायची. माझ्या मते काम सोपं होतं: मासा उचला, इकडे सोडा. भावजी म्हणाले, "मासा शेवटी. आधी वाळू."

तो श्रावणातला सोमवार होता. सवारीचा, म्हणजे देवाची पालखी निघायचा दिवस, बाहेर गर्दी, ढोल. भावजींनी जलेबीला तिच्या दगडासकट खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, हवेचा बॅटरीवाला पंप लावला, आणि जुन्या टाकीतली फक्त वरची बोटभर वाळू पळीनं काढून मग्यातून खाली आणायला लागले. माझं काम परात धरणं. आता तांदूळ असोत नाहीतर वाळू, परात भरली की माझा हात नळाकडेच जातो. नळ सोडणार, तोच जिन्यातून ओरडले, "वहिनी, नळ नको! सगळी मरेल!"

"काय मरेल? वाळू?"

"जिवंत आहे ती! डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव आहेत तिच्यात. जलेबीची घाण तेच संपवतात. नळाच्या औषधाच्या पाण्यानं ते मेले की नवी टाकी नुसतं पाणी. दोन दिवसांत जलेबी जाईल."

"म्हणजे विरजण," मी म्हटलं.

भावजी पायरीवर थबकले. "एकदम बरोबर! नव्या दुधाला जुनं विरजण. बघा, समुद्राकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही."

मग आम्ही जुन्या टाकीच्याच खाऱ्या पाण्यात वाळू खळबळून घेतली आणि नव्या वाळूवर हलक्या हातानं पसरली. भावजी वर-खाली, वर-खाली. "आलोच", "आलोच". एका खेपेला मात्र जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभे राहिले. हलेचनात.

"काय झालं?"

"काही नाही. वाळू जड आहे."

मग्यात वाळू होती ओंजळभर. हा माणूस थांबलेला बघायची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात वर जुन्या टाकीच्या तळाची काळी वाळू हलली आणि घरभर अशी दुर्गंधी सुटली की बोलायची सोय नाही. नासक्या अंड्याची. शेजारच्या गुप्ताभाभी पदर नाकाला लावून दारात. "जीजी! सावन का सोमवार, बाबा की सवारी निकलने वाली, और आपके यहाँ अंडे?"

"अंडे कैसे, भाभी," मी सगळा अधिकार पणाला लावून म्हटलं, "ये समंदर की खुशबू है. हमारे चिपळूण में सुबह-सुबह यही आती है."

भाभींनी समुद्राला नमस्कार केला आणि घाईघाईनं गेल्या. जिन्यात भावजींना खोकल्याची उबळ आली. मला वाटलं, वासानं.

तळाची ती वाळू टाकून द्यायची होती. तिच्यातलं विष नव्या पाण्यात गेलं असतं तर सगळं संपलं असतं. दुपार टळल्यावर जलेबीला नव्या टाकीत सोडलं. पाणी वाळूनं गढूळलेलं, ताकासारखं. ती आत गेली आणि दिसेनाशी झाली.

"आता?"

"आता वाट बघायची. काही हलवायचं नाही."

मी चहा केला. कप घेऊन आले. भावजी बसले होते. जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, दोन्ही पाय पसरून.

"भावजी, काय होतंय?"

"पुढच्या महिन्यात इंदौरला जायचंय. छातीचं ऑपरेशन. पंधरा-वीस दिवस तरी लागतील."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बसा म्हणाले." स्वतःच हसले. "तुमच्यासारखंच."

मी वेताच्या खुर्चीत टेकले. समोर ते ताकासारखं पाणी. मग मला दिसलं की टाकीच्या काचेवर लाल रंगाची एक रेघ ओढलेली आहे. रेघ बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होती. खुर्चीतून न उठता, गुडघ्यांना त्रास न देता, हात लांबवला तर लोटा वर पोचेल, इतकी जवळ.

"पाणी रेघेखाली गेलं तर वरून गोडं पाणी घालायचं," भावजी काचेकडे बघत म्हणाले. "रोज नाही. मोठ्या पाण्याला दम असतो. मी नसलो... म्हणजे इंदौरला असलो, तरी एखाद्या दिवशी विसरलात तरी चालेल."

"म्हणजे स्टँड उगीच बुटका नाही."

"नाही."

बाहेर सवारीचे ढोल पुढे गेले. मला वाटलं, आता खरं बोलून टाकावं. "भावजी, त्या मिठाचं... मला काही..."

"चिपळूणला समुद्र नाही," भावजी म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्या भावाच्या लग्नाला आलो होतो ना? पहाटे उठून समुद्र बघायला निघालो. रस्ता विचारत होतो. लोक हसायला लागले. मग नदी बघून परत आलो."

"आणि इतकी वर्षं वाट्या घेऊन खाली येत होतात?"

"दादा गेल्यावर तुम्ही दिवसदिवस बोलायच्या नाहीत," ते म्हणाले. "मिठावर मात्र बोलायच्या." आणि त्यांनी चहा पूर्ण प्यायला. बसून. तळाच्या साखरेपर्यंत.

दिवेलागणीला पाणी निवळलं. जलेबी कोपऱ्यात दगडाआड निपचित होती. भावजींनी काचेवर बोट ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग ती आली. सावकाश, नवं घर बघत, शेपूट हलवत. भावजी उठले नाहीत. मीच उठले.

आज ते इंदौरला आहेत. ऑपरेशन परवा झालं. मुलगा तिथे आहे, तो सांगतो काका ठीक आहेत, पलंगावर आहेत, उठायची परवानगी नाही. भावजी आणि पलंगावर! तेव्हापासून माझंच काही ठिकाणावर नाही. भाजी चिरता चिरता उठते, पाण्याची रेघ बघते. माळ ओढता ओढता उठते, जलेबीला बघते. हे लिहिताना किती वेळा उठले, विचारू नका. मघाशी गुप्ताभाभी आल्या, म्हणाल्या, "जीजी, दो घड़ी बैठो तो सही." मी म्हटलं, "बैठती क्या, आलेच," आणि गेले. वाटेत माझं मलाच हसू आलं.

संध्याकाळी फोन येतो. आवाज बारीक झालाय, पण पहिला प्रश्न तोच. "वहिनी, मीठ?"

मी बोट बुडवते, चाखते. यंत्र शेजारीच आहे, मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"बरोबर आहे," मी डोळे मिटून सांगते. "अगदी आमच्या चिपळूणच्या समुद्रासारखं."