फुल फ्रेम, क्रॉप आणि वाढवणच्या बायका

मी कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय घेत नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते! आमच्या घरात तीन थर्मामीटर आहेत. एक ताप मोजायला, दुसरा पहिला खरं बोलतोय का ते बघायला, आणि तिसरा त्या दोघांत भांडण झालं तर निवाडा करायला. रेवाच्या जन्माआधी डहाणूपासून बोईसरपर्यंतचे बालरोगतज्ज्ञ मी असे पारखले, की एका डॉक्टरांनी शेवटी मलाच विचारलं, माझी निवड झाली का म्हणून. तेव्हा कॅमेरा घ्यायचा ठरल्यावर मी दुकानात जाऊन 'तो काळा द्या' म्हणेन असं ज्याला वाटलं, तो माणूस मला ओळखतच नाही.

माझा नवरा विपुल मला ओळखतो. तरी तोही तसंच म्हणाला. ज्याने फोटो निघतो तो घे.

कॉलेजात असताना निसर्ग मंडळाचा कॅमेरा वर्षभर माझ्याच गळ्यात असायचा. मग लग्न झालं, रेवा झाली, आणि गळ्यावर फक्त तिची लाळ उरली. आता ती भिंत धरून उभी राहायला लागली होती. आज ना उद्या हात सोडून पहिलं पाऊल टाकणार! ते पाऊल माझ्या जुन्या फोनवर काढलं असतं, तर पुढे मूल चालतंय की पडदा हलतोय, हे लोकांना सांगावं लागलं असतं. म्हणून कॅमेरा. तोही पाऊल पडायच्या आत.

अंगावर पाजताना एक हात मोकळा असतो, हे पुरुषांना माहीत नसतं. त्या एका हाताने मी कॅमेऱ्याचं सगळं शास्त्र वाचून काढलं. फुल फ्रेम म्हणजे आतला सेन्सर मोठा, बॉडी पाट्यासारखी जड, आणि अंधारातही फोटो स्वच्छ. क्रॉप म्हणजे सेन्सर लहान, बॉडी हलकी, आणि मनात जन्माची रुखरुख. लेन्सचंही तसंच. पन्नासची प्राइम लख्ख, पण ती जागची हलत नाही, आपणच पुढे-मागे व्हायचं, सासूबाईंपुढे होतो तसं. झूम लेन्स सगळं करते, पण कशातच पहिला नंबर काढत नाही. आणि लांबची मोठी लेन्स घेतली तर ओट्यावर उभं राहून वाडीच्या टोकाला खेळणाऱ्या मुलीच्या तोंडात माती आहे की बिस्किट, तेसुद्धा दिसतं. ही शेवटची लेन्स कोणत्या आईला नको असेल?

प्रविणभाऊंचा आमच्या डहाणू स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे. बोर्डीपासून कासापर्यंत कुणाचं लग्न ठरलं, तर ते नवऱ्यामुलाच्या आधी प्रविणभाऊंना कळतं. ते आपलं सामान बदलणार होते. दोन बॉडी आणि तीन लेन्स होत्या. एक बॉडी आणि एक लेन्स अशी जोडी मी निवडायची, उरलेलं वापीचं गिऱ्हाईक उचलणार. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी त्यांनी सगळी बॅगच माझ्या हवाली केली.

"वहिनी, दिवसभर तपासा," ते म्हणाले, "पण पाचच्या आत मला बॅग पाहिजे. संध्याकाळी तलासरीला हळद आहे. सामान नाही पोचलं तर नवरीऐवजी मलाच पाटावर बसवतील."

तर पाचच्या आत बॅग परत आणि निवड पक्की. माझ्यासारखीला हे म्हणजे किरकोळ!

डहाणूच्या किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नव्हता. तिथे रविवारी दर तिसरं माणूस ओळखीचं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, बाळ कुठे ठेवलंस? म्हणून मी जवळचं मच्छीमारांचं गाव, वाढवण, ठरवलं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, स्टुडिओत जाते एवढंच सांगितलं. समुद्र म्हटलं असतं, तर त्यांनी वारा, ऊन आणि बाळाची सर्दी यांची माळच ओवली असती. रेवाला त्यांच्याकडे सोपवलं, सूचना दिल्या, फाटकापर्यंत जाऊन परत आले, उरलेल्या सूचना दिल्या, आणि स्कूटी काढली. बरोबर प्रविणभाऊंचा तीन पायांचा स्टँड, विपुलच्या साचे बनवायच्या कारखान्यातली लांब टेप, खडू आणि घर बांधताना गवंडी विसरून गेला होता ती सपाटी बघायची पाणसळ. कारण तपासायचं तर नीट तपासायचं! दोन्ही बॉडी एकाच अंतरावरून, एकाच उंचीवर, केसभरही तिरक्या न होता.

वाढवणला ओहोटी लागली होती. खडक लांबवर उघडे पडले होते. एका बाजूला बायका काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. मी नारळाच्या सावलीत स्टँड उभा केला. सावली बरी होती, पण नारळाचा काय भरवसा? म्हणून स्कूटीचं पांढरं हेल्मेट मी डोक्यावरच ठेवलं.

मग मी जी कामाला लागले! पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. टेप ताणली, खडकावर खडूने खुणा केल्या. लेन्स कडेला रेषा वाकवते का, हे बघायला सरळ रेष लागते, आणि क्षितिजाएवढी सरळ रेष कुठल्या दुकानात मिळणार? क्षितिज फुल फ्रेमवर काढलं, क्रॉपवर काढलं, प्रत्येक लेन्सने काढलं. टेपवरचे आकडे लख्ख येतात का ते बघायला टेपचे फोटो काढले. एका घराच्या उघड्या विटांची भिंत काढली, कारण विटांत लेन्सची लबाडी लगेच पकडता येते. मध्येच एक बाई डोक्यावर टोपली घेऊन थांबली, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि काही न विचारता निघून गेली. किती समजूतदार गाव, मला वाटलं.

थोड्या वेळाने ती परत आली. बरोबर आणखी पंधरा-वीस जणी होत्या. पुढे होत्या त्या पुष्पामावशी, नाव मागाहून कळलं. रुंद खांदे, कासोटा घट्ट, हातात अजून ओला बोंबील. त्यांनी आधी हेल्मेटकडे बघितलं, मग स्टँडकडे, मग टेपकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

"कसली मापं घेतेस गो?"

आता वर्तमानपत्र मी रोज वाचते. इकडे बंदराचा सर्व्हे, तिकडे तलासरीकडे नव्या रेल्वेचा सर्व्हे, गावांना दोन्ही नको, आणि कोणी मोजायला आलं की बायकाच आडव्या उभ्या राहतात, हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त पांढरं हेल्मेट घालून, तीन पायांच्या यंत्राला डोळा लावून समुद्र मोजणारी बाई लांबून कशी दिसत असेल, एवढं एक मी तपासलेलं नव्हतं!

मी घाईघाईने सांगितलं की मी फक्त तपासतेय, कुठलं चांगलं ते. त्यांनी विचारलं, कोणासाठी. मी म्हटलं, प्रविणभाऊंना पाचच्या आत सांगायचंय. मागून कोणीतरी म्हणालं, साहेबाचं नाव प्रविण दिसतंय.

एकीनेही आवाज चढवला नाही. त्यांना सवय होती. दोघींनी स्टँड मिटला, एकीने टेप गुंडाळली, अगदी व्यवस्थित, आणि आमची मिरवणूक गावच्या समाजमंदिरात गेली. बॅग आत एका खुर्चीवर ठेवली. शेजारच्या खुर्चीवर राखणीला गावातल्या भिकीआजी बसल्या. त्या एवढ्याशा होत्या, पण हलणाऱ्या नव्हत्या. मला ओटीवर बसवून चहा दिला. बिस्किटंसुद्धा दिली. मोजायला आलेल्याचं सामान आत आणि चहा बाहेर, अशी तिथली रीत असावी.

माझं लक्ष घड्याळाकडे. तलासरीत नवरी पाटावर बसणार, आणि फोटोग्राफर हात हलवत उभा!

मी म्हटलं, थांबा, पुरावाच देते. मी फोटो काढणारी आहे, हे माझे फोटोच सांगतील. आजी बॅगेतून एक कॅमेरा काढून बाहेर घेऊन आल्या. मी ऐटीत पडदा पुष्पामावशींपुढे धरला आणि बटण दाबत गेले. क्षितिज. क्षितिज. टेप. टेप, जवळून. खडकावरची खडूची खूण. क्षितिज. विटांची भिंत. टेप.

पुष्पामावशींनी शांतपणे सगळे बघितले. "फोटो काढणारी ना तू? मग यात माणूस एकपण नाय?"

खरंच नव्हता.

मी विपुलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. तो आज घरी सुतारांकडून जिन्याला लाकडी फाटक बसवून घेणार होता. रेवा पडू नये म्हणून मीच महिनाभर त्याच्या मागे लागले होते. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तो वैतागून बोलला.

"मापं झाली का तुझी? टेप घेऊन गेलीस, इथे सगळं काम अडलंय. माणसं नुसती बसून आहेत."

मी फोन ठेवला. दुसरा चहा आला.

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. मी म्हटलं, मावशी, मी कोणाची इंजिनियर नाही, मी एका वर्षाच्या मुलीची आई आहे, घरी ती माझी वाट बघतेय. पुष्पामावशी म्हणाल्या, दाखव पोरगी.

फोन उघडला. पडद्यावर रेवा असायला हवी होती. होतं लसीकरणाचं वेळापत्रक. बरं, आतले फोटो! पण फोन सारखा भरतो, म्हणून तिचे हसरे फोटो मी विपुलच्या फोनवर पाठवून पुसून टाकते. डॉक्टरांना दाखवायचे तेवढे ठेवते. मी लपवायच्या आत भिकीआजींनी फोन हातात घेतला होता.

पहिल्या फोटोत शी होती.

दुसऱ्यातही शी. तिसऱ्यात मानेवरचं पुरळ. मग पुन्हा शी, वेगवेगळ्या दिवसांची. रंग फोटोत बरोबर उतरावा म्हणून प्रत्येकीशेजारी मी कोरा पांढरा कागद ठेवलेला, आणि आकार कळावा म्हणून एक रुपयाचं नाणं. जमीन दुभंगावी आणि मी पोटात जावं, असं मला झालं.

भिकीआजींनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "ही हिरवी कधीची?"

"मंगळवारची," मी म्हणाले.

"दात येतात तिला."

पुष्पामावशींनी वाकून बघितलं. दात नाय, म्हणाल्या, पालक घातलीन असणार. आजी म्हणाल्या, पालकची अशी नसते. तिसरी म्हणाली, थंडी पोटात गेलीय. फोन हातोहात फिरला. अंगणात उभ्या होत्या त्या ओटीवर आल्या, ओटीवर होत्या त्या जवळ सरकल्या. मला एकामागून एक प्रश्न सुरू झाले. वास कसा होता, रडते का, रात्री की दिवसा. मी प्रत्येकाचं सविस्तर उत्तर दिलं. अशी तपशिलात रस घेणारी माणसं मला लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होती! एका बाईला अजून शंका होती. तिला पुष्पामावशींनीच गप्प केलं.

"कुठली सरकारी बाई पोरीच्या शीला रुपया लावून ठेवते?"

खटला निकालात निघाला. बॅग माझ्या मांडीवर आली. आजी म्हणाल्या, एवढा दर्या काढलास, आता आमचा काढ. घाई तर अशी होती, की हाताला लागला तो कॅमेरा मी उचलला. पालक की दात यावर दोघींचं अजून चाललेलंच होतं. तशाच त्या मी टिपल्या. मग उठून स्टँडला हात घातला, तर पुष्पामावशींचा हात तिथे आधीच होता.

"कॅमेरे ने पोरी. हे तीन पायाचं इथंच राहील."

मी म्हटलं, तो दुसऱ्याचा आहे. त्या म्हणाल्या, असू दे. आज तुला दिला तर उद्या खरा मोजणारा येईल आणि म्हणेल, मलापण घरी पोरगी आहे. मी हात काढून घेतला. टेप मात्र दिली, जिन्याचं फाटक राहिलंय म्हणून.

पाचला थोडी मिनिटं असताना स्टुडिओत पोचले. प्रविणभाऊ मोटारसायकलला किक मारून तयारच होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं, पण कपाळावर हात मारून ते हसायलाच लागले. म्हणाले, अहो वहिनी, वर्ष झालं, मी इकडे कुठेच स्टँड उघडत नाही. हळदीतसुद्धा नाही. तुम्हाला सांगायचंच राहिलं.

मग त्यांनी विचारलं, कुठली जोडी निवडली?

इतक्या महिन्यांचा अभ्यास माझ्या डोळ्यांपुढून गेला. सेन्सर, कडा, क्षितिज, विटा.

"जिला स्टँड लागत नाही ती," मी म्हणाले.

त्यांनी हलकी बॉडी आणि पन्नासची लेन्स माझ्या हातात ठेवली. भांडणाऱ्या दोघींचा फोटो त्याच जोडीवर निघाला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी कॅमेरा खाली ठेवलाच नाही. झोपणं सोडलं तर तो गळ्यात. पाऊल केव्हाही पडेल! गुरुवारी सकाळी आमची नेहमीची मासळीवाली धाकटी डहाणू गावाहून आली. तिची बहीण वाढवणला दिली आहे. टोपली अंगणात उतरवून तिने आईंना बातमी सांगायला घेतली. वाढवणला एक मोठी इंजिनियर बाई आली होती म्हणे, डोक्यावर टोप, बरोबर माडाएवढं यंत्र, मागे जीपभर माणसं. बायकांनी यंत्र काढून घेतलं आणि तिला पळवून लावली. ती बाई रडत गेली.

आई म्हणाल्या, बरं केलं. अशा बायकांना स्वतःची पोरंबाळं नसणार. मग माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस का?"

मासळीवालीची नजर माझ्याकडे यायच्या आत मी गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा पाठीमागे, ओढणीखाली सारला. म्हटलं, कमालच आहे.

आणि रेवाने भिंत सोडली. एक पाऊल, मग दुसरं, डगमगत, थेट बोंबलांच्या टोपलीपर्यंत. ऊन छान होतं, चेहऱ्यावर सरळ पडलेलं. आईंनी टाळ्या वाजवल्या, मासळीवालीने दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. दोन्ही हात पाठीमागे ठेवून मी नुसती बघत राहिले.

तरी निवडीबद्दल माझी तक्रार नाही. ओढणीखाली लपवायला क्रॉप बॉडी आणि पन्नासची लेन्स याहून सोयीची जोडी बाजारात मिळायची नाही.